ओली बाही

आमच्या बेडकीला घाम येत नाही. जन्मापासूनच नाही. हे कुणाला सांगितलं की समोरचा म्हणतो, "अरे वा, बरंच आहे की," आणि मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतो. घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही. तुम्हीआम्ही उन्हात चाललो तर मान पुसतो आणि विसरून जातो. ती चालली तर तापते, आणि तापतच राहते.

म्हणून आम्ही तिला बाहेरून घाम देतो. मी शिवणकाम करते. तिच्यासाठी सुती कापडाची दुपदरी, लांब बाह्यांची जाकिटं शिवते. ती पाण्यात बुडवायची, पिळायची आणि तिच्या अंगात चढवायची. वाळलं की दुसरं. माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा बाप, रोपवाटिका चालवतो. रोपांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली त्याच्या कमरेला कायम लटकलेली असते. आधी कुंड्या, मग लेक, मग परत कुंड्या. सतत ओली म्हणून बेडकी हे नाव पडलं, ते मीच पाडलं, आणि आता चांगली कमावती बाई झाली तरी घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

घामासारखेच तिला अश्रूही येत नाहीत. डोळे कोरडे, औषधाचे थेंब घालावे लागतात. लहानपणी याचा तिला फार राग. शेजारची पोरं भोकाड पसरून काय हवं ते मिळवतात आणि आपल्याला मेलं रडताही येत नाही. मग तिने युक्ती काढली. मनासारखं झालं नाही की दादाच्या कमरेची बाटली ओढायची, स्वतःच्या गालांवर फवारा मारायचा आणि तोंड झाकून मोठमोठ्याने हुंदके द्यायचे. मध्येच बोटांच्या फटीतून बघायची, आम्ही फसलो की नाही. दादा दर वेळी फसायचा. मी म्हणायचे, पाणी वाया घालवू नकोस गं, झाडांना पुरवायचंय.

तिची आई, म्हणजे माझी वहिनी, बेडकी अक्षरं लावून वाचायला लागली त्या सुमारास घर सोडून गेली. बाई वाईट नव्हती, हे मी तेव्हाही म्हणायचे. आमचं घर कसं होतं ते बघायला हवं. खिडक्यांवर ओले पडदे, दिवसा दार किलकिलंसुद्धा करायचं नाही, भिंतींना बुरशीचा वास, कुणाकडे जाणं नाही, कुणाचं येणं नाही. ती मोकळ्यावर वाढलेली, तिचा जीव गुदमरला. पण दादाने लेकीला सांगितलं की आईचं माझ्याशी पटलं नाही, मी फार तापट होतो, ताटं आपटायचो. जो माणूस रोपांवरच्या गोगलगायी उचलून कुंपणापलीकडे नेऊन सोडतो, तो म्हणे ताटं आपटायचा. मी त्याला म्हटलं, जरा पटेल असं तरी खोटं बोल. पण पोरीने विश्वास ठेवला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं, आणि तो विषय घरात परत निघाला नाही.

बेडकी घरी बसून नोकरी करते. पाण्याचे पंप विकणाऱ्या एका कंपनीकडे तक्रारींचे फोन येतात, ते घेते. मागच्या अंधाऱ्या खोलीत, पायाखाली ओला टॉवेल घालून ती दिवसभर परक्यांचा राग ऐकते आणि गोड आवाजात सांगते की तुमची तक्रार नोंदवली आहे. त्यातच इंजिनवाल्याचा फोन आला. तो बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचा पंप कुरकुरत होता. पंप पहिल्याच फोनला सुरू झाला, फोन मात्र त्यानंतर थांबेनात. मी कपड्यावर खडूने रेघा मारता मारता भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकायचे. दात लावलेले आहेत तिचे, जन्माचे थोडेच आले होते, त्यामुळे परक्यासमोर ती ओठ मिटून हसते. फोनवर मात्र खदखदून हसायची.

थंडीत तो आमच्याकडे येऊन राहून गेला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, नखांत ग्रीसची काळी रेघ. कुणी न सांगता त्याने माझ्या शिवणयंत्राची खडखड घालवली, तेव्हाच माझं मत त्याच्या बाजूने पडलं. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. आमच्या बंद घरात थोडा वेळ बसला की तो उठून अंगणात जायचा. नुसता उभा राहायचा, वर आभाळाकडे बघत, छातीवरून हात फिरवत. परत यायचा, हसायचा, बसायचा. थोड्या वेळाने पुन्हा उठायचा. बेडकी आतून बघायची. तो गेल्यावर तिने जाहीर केलं की लग्न झालं तर तो इकडे येणार नाही, मी तिकडे जाणार.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडचा उन्हाळा तुला झेपेल का, एवढंच तो म्हणाला. ती म्हणाली, समुद्राला वारा असतो, वारा आणि ओलं जाकीट असलं की मला आणखी काय लागतं? अट मात्र तिनेच घातली. उन्हाळ्यात तिथे जायचं आणि एक भर दुपार काढून बघायची. निभावली तर लग्न, नाही निभावली तर हा विषय कायमचा बंद. इंजिनवाल्यालाही तिने तेच सांगितलं. तो कबूल झाला, आम्हीही झालो. त्या एका दुपारीवर पोरीचा संसार टांगलेला होता आणि हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर. मध्ये सगळा उघडा मुलूख, सावलीला झाड शोधावं लागतं. रात्रीचं जाता आलं असतं, पण वाटेत गाडी रुसली तर उजाडल्यावर हिला ठेवणार कुठे? म्हणून दादाने एक जुनी घरगाडी घेतली. मोटरहोम म्हणतात ती. मागे दोन पलंग, हातभर ओटा, कोपऱ्यात संडास, डिकीत जनरेटर आणि छपरावर एसी. हौसेने घेऊन कंटाळलेल्या एका जोडप्याने ती विकायला काढली होती.

गाडी ठीक होती, घोडं अडलं ते एसीपाशी. सकाळी छान गारवा द्यायचा, ऊन चढलं की नुसता वारा, आणि भर दुपारी धाप लागल्यासारखा आवाज करून बंद. मेकॅनिकने सगळं तपासून सांगितलं की मशीन बरोबर आहे. आतली उष्णता ते छपरावरच्या जाळीतून बाहेर फेकतं, पण छप्परच तव्यासारखं तापलेलं आणि वरचा वारा भट्टीतला, तर ते फेकणार कुठे? मोठा एसी बसवायचा तर जनरेटर तो ओढणार नाही. दादा छपरावर चढला, प्लास्टिकचं झाकण काढलं, जाळीच्या बारीक पात्यांवर हात धरून बराच वेळ उकिडवा बसला. खाली उतरल्यावर म्हणाला, "याचं आपल्या बेडकीसारखंच झालंय. याला घाम येत नाही."

मग त्याने एसीला घाम द्यायचं मनावर घेतलं. रोपवाटिकेत कोवळ्या कलमांसाठी फवारे असतात. बारीक काळी नळी, तिला पितळी तोट्या, तोटीतून पाणी धुक्यासारखं उडतं. ती नळी त्याने एसीच्या अंगाभोवती फिरवली आणि तोट्या अशा वळवल्या की जाळी जिकडून हवा ओढते तिकडेच धुकं पडावं. छोटा पंप बसवला, पंपाला घड्याळ लावलं. विहिरीचं पाणी घेतलं नाही. पानावर वाळलं की त्याचे पांढरे डाग पडतात, इथे तर क्षार पात्यांवर बसून हवाच अडेल. म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी, तेही गाळून. फवारा सलग सोडायचा नाही, मला तो समजावत होता. क्षणभर मारायचा, वाळू द्यायचा, वाळताना ते उष्णता घेऊन जातं, मग परत मारायचा. मी म्हटलं, एसीला आंघोळ झाली, आता पावडर कोणती लावतोस ते सांग.

पण रोपवाटिकेच्या फाटकाशी, ऐन उन्हात गाडी उभी करून आम्ही तिघं आत बसलो तेव्हा माझी वाचा बसली. वर फुस्स असा बारीक आवाज व्हायचा, एसीची घरघर खाली यायची आणि तोंडावर गार झोत. मी भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसले. बेडकीचं जाकीट नुसतं खुंटीला टांगलेलं. मी तिला म्हटलं, तुझ्या बापाने उन्हाला चुना लावला गं. दादा नुसता कान लाल करून खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला इतकं खूश मी वहिनी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

इथे दादाची एक सवय सांगायला हवी. रोपवाटिकेत वाफ्यांमधून चालताना तो बोटांची पाठ पानांना लावत जातो. ओलं लागलं की पुढे, कोरडं लागलं की बाटली. आमच्याकडची हवाच अशी आहे की भिजवलेलं काही टिकत नाही. भीती असते ती कायम वाळण्याची. पोरीलाही त्याने असंच वाढवलं. येता-जाता तिच्या बाहीला बोट लावायचं. बाही ओली लागली की त्याचा जीव भांड्यात. ती झोपलेली असो, फोनवर असो, भांडत असो, दादाचं बोट बाहीवर. तिलाही त्याची इतकी सवय की ती न बघता हात पुढे करायची.

निघालो. दादा गाडी चालवायला, शेजारी बेडकी, मागे मी आणि जाकिटांची बादली. आयुष्यात पहिल्यांदा तिने रस्त्यावरची भर दुपार पाहिली. आम्हाला वीट आलेल्या गोष्टी ती कौतुकाने बघत होती. गाडीखाली सावलीला झोपलेलं कुत्रं. डोक्यावर ओलं फडकं टाकून डांबर ओतणारी माणसं. दुकानांच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखालून दिसणारे पाय. म्हणाली, "आत्या, दुपारी सगळं जग इतकं उजेडाचं असतं आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, उजेड कसला, डोळे फुटतात नुसते. छपरावर फवारा फुसफुसत होता आणि आत माझी शाल निघाली नव्हती.

उघडा मुलूख संपला की रस्ता डोंगर चढतो. माथ्यावर गाड्या थांबायला रुंद जागा आहे, एक नळ आहे, एक चहावाला आहे. तिथून खाली समुद्र दिसतो. तिथे आम्ही पाण्याची टाकी भरली आणि उतार उतरून संध्याकाळी बंदरावर पोचलो.

दुसऱ्या दिवशीची सकाळ चांगली गेली, अगदी नजर लागेल अशी. इंजिनवाल्याचं घर बंदराच्या कडेला, मागे जाळी वाळवायचं अंगण. घरगाडी आम्ही भिंतीच्या सावलीत लावली. त्याची आई बोलकी, मनाने मोकळी. तिने ना दातांबद्दल विचारलं ना विरळ केसांबद्दल. बेडकीला तिने धक्क्यावरच्या ताडपत्रीच्या सावलीत खुर्ची दिली. वारा होता. इंजिनवाला एका बोटीच्या पोटात अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि बेडकी त्याला मागेल ते हत्यार देत होती, चुकीचं. दोघं हसत होते. ती दात दाखवून हसत होती, चारचौघांत, भर उजेडात. ते मी पाहिलं आणि मनातल्या मनात लग्नाचे कपडे बेतायला घेतले.

दादा मिनिटामिनिटाला येऊन बाहीला बोट लावत होता. ओली. मी म्हटलं, काय रे हा उकाडा, माझं पोलकं पाठीला चिकटलंय. तो म्हणाला, "तुझं जाऊ दे, हिची बाही बघ. सकाळपासून एकदाच भिजवली, अजून ओलीगच्च. इथे तर हिला आपल्याकडच्यापेक्षा सोपं आहे." आणि तो लहान मुलासारखा हसला.

जेवणवेळेनंतर वारा पडला. समुद्र काचेसारखा झाला. बेडकी जरा दमल्यासारखी दिसली म्हणून आम्ही तिला घरगाडीत आणलं, एसी लावला, फवारा सुरू केला. छपरावरून पाण्याचे ओघळ काचांवर येऊ लागले. दादा ते बघून म्हणाला, काय झकास भिजतंय. घरी असे ओघळ कधीच आले नव्हते, पण ते वाईट असेल असं आमच्या मनातही आलं नाही. आम्ही पाण्याला घाबरायला शिकलेलोच नव्हतो. तो बाहीला बोट लावून बाहेर पाण्याची टाकी बघायला गेला. ती म्हणाली, मस्त वाटतंय बाबा, तुम्ही जा.

मी दुसरं जाकीट आणायला अंगणात गेले. पहाटे धुऊन दोरीवर टाकलं होतं. कापडात माझी हयात गेली आहे. सुती दुपदरी जाकीट आमच्याकडे चहा पिऊन होईतो वाळतं. हे पहाटेपासून दोरीवर होतं आणि बाहीच्या टोकाला अजून थेंब लोंबत होता. मी ते हातात धरून उभी राहिले. कोमट होतं, ओल्या घोंगडीसारखं.

मी दादाला हाक मारली. म्हटलं, "दादा, हे वाळलंच नाहीये."

त्याने जाकिटाकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, काचेवरच्या ओघळांकडे पाहिलं. त्याचा चेहरा कागदासारखा झाला. वाळताना ते उष्णता घेऊन जातं, हे त्यानेच तर मला सांगितलं होतं. इथली हवा आधीच पाण्याने टच्च भरलेली. इथे काही वाळत नव्हतं, ना पात्यांवरचं पाणी, ना पोरीच्या अंगावरचं. ओली बाही इथे काहीच सांगत नव्हती. तेवढ्यात छपरावर एसीला धाप लागली आणि तो बंद पडला.

आत बेडकी पलंगावर बसलेली, गाल लालबुंद, डोळे कुठेतरी भलतीकडे. दादाला बघून तिने सवयीने हात पुढे केला. "ओली आहे मी, बाबा," म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली आहे." आणि एका अंगावर कलंडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. इंजिनवाला बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून अनवाणी पळत आला, खांद्यावर लादी, ती गोणपाटात फोडून आम्ही तिच्या काखांत, मानेखाली, मांड्यांशी लावली. तो तिच्यावर वाकलेला होता आणि त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्या तिच्या हातावर टपटपत होत्या. देवाने एकाला इतकं द्यावं आणि एकाला थेंबही देऊ नये, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आणि मला देवाचा भयंकर राग आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गाडीतच येऊन बसल्या, त्यांनी सलाईन लावलं. दादा बाहेर पायरीवर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होता. ऊन उतरताना बेडकीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुमच्या हातून काही चुकलं नाही, पण ही हवा तिची नाही. इथे राहायचं तर तिला रात्रंदिवस एसीच्या बंद खोलीत राहावं लागेल, आणि इथली वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. लवकरात लवकर वर घेऊन जा, म्हणाल्या.

उजाडताच आम्ही निघालो. इंजिनवाला मागून मोटरसायकलवर. डोंगर चढता चढता मी तिच्या बाहीला हात लावून बसले होते. वळणावळणाला कापड हलकं होत गेलं. माथ्यावर पोचलो तेव्हा बाही वाळली होती आणि तिचा हात गार लागत होता. कोरड्या कापडाला हात लावून मला रडू फुटेल असं कधी वाटलं नव्हतं.

तिने तिथेच थांबायला सांगितलं. घरगाडीच्या पायरीवर ती आणि तो बसले. समोर खाली समुद्र. दादा नळावर टाकी भरायला लागला, मी बादलीत जाकिटं पिळत होते. ऐकू नये म्हणून आम्ही दोघांनी पाठ फिरवली, पण कान काही फिरवता येत नाहीत.

तो म्हणाला की मी तुमच्याकडे येतो. पंप काय, मोटारी काय, इंजिन सगळीकडे असतं. आईशी बोललोय, तिची हरकत नाही. तो मनापासून बोलत होता, त्याच्या शब्दावर मी तेव्हाच्या तेव्हा मुहूर्त काढला असता.

बेडकीने खाली समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू आमच्याकडे राहिलास तेव्हा सारखा अंगणात जायचास. मला आठवतंय."

तो म्हणाला, सवय नव्हती, होईल सवय.

"आईपण जायची," ती म्हणाली. "आधी अंगणात जायची. मग फाटकापर्यंत. मग रस्त्यावर उभी राहायची. मी ओल्या पडद्याआडून बघायचे. ती छातीवरून हात फिरवायची, अगदी तुझ्यासारखा. परत आत यायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मला तिचा राग नाही. पण तसं हसणारं माणूस मला परत घरात बघवणार नाही. तुझं तर नाहीच नाही."

नळ वाहत होता. टाकी कधीच भरली होती, पाणी दादाच्या पायांवर सांडत होतं. तो वळला. इतकी वर्षं सांभाळलेलं ते खोटं त्याने तेव्हाही सोडलं नाही. म्हणाला, "नाही गं बेडके. आई माझ्यामुळे गेली. मी तापट होतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या मायेने मुलीने बापाकडे पाहिलेलं मी कुठे पाहिलं नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जन्मात एक तरी ताट आपटलंय का?"

दादाने वाकून नळ बंद केला आणि तसाच वाकलेला राहिला. तिला सगळं माहीत होतं. पडद्याआड उभी असल्यापासून माहीत होतं, आणि बापाचं मन राखायचं म्हणून पोर इतकी वर्षं त्याच्या ताटांवर विश्वास ठेवल्याचं सोंग करत होती. आम्ही तिला जपत होतो, आणि ती आम्हाला.

इंजिनवाल्याने वाद घातला नाही. त्याने तिचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. दादाच्या पाया पडला, मला म्हणाला, आत्या, मशीनला तेल देत जा. मोटरसायकलला किक मारली. वळणावळणावर दिसत राहिला, मग दिसेनासा झाला.

बेडकी पुढच्या सीटवर जाऊन बसली. दादाने एसी लावला, फवारा सुरू केला. क्षणभर फुस्स, मग शांत, मग परत फुस्स. काचेवर एकही ओघळ नाही. आमच्या हवेत सगळं पुन्हा अगदी बरोबर चाललं होतं. त्याने सवयीने तिच्या बाहीला बोट लावलं. मी नुकतंच ओलं जाकीट घातलं होतं तिला. तो गाडी सुरू करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, जरा पाणी मारा."

तो म्हणाला, अगं, बाही ओली आहे.

"बाहीवर नाही. तोंडावर."

त्याने कमरेची बाटली काढली. तिने डोळे मिटून चेहरा वर केला. त्याने एक फवारा मारला, मग आणखी एक. पाणी पापण्यांवरून गालांवर उतरलं. तिचे खांदे हलायला लागले. लहानपणी ती बोटांच्या फटीतून आमच्याकडे बघायची. मी वाट बघत होते, आता बघेल, एक डोळा उघडेल आणि मी तिला म्हणेन, पाणी वाया घालवू नकोस गं. तिने डोळे उघडलेच नाहीत.

वरची हवा कोरडी. हनुवटीपर्यंत पोचायच्या आत पाणी वाळून जायचं, आणि दादा परत मारायचा.